‘फक्त गेमक्यूबवर’: रेसिडेंट ईव्हल ४ आणि कॅपकॉमनं दिलेला शब्द

हे प्रकरण २००१ ते २००७ या काळातलं, जपानमधलं. एका गेम कंपनीनं आपला सर्वात गाजलेला गेम एकाच कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर) आणायचं जाहीर केलं, तीन वर्षं ते लावून धरलं आणि गेम बाजारात यायच्या जेमतेम अडीच महिने आधी ते मागे घेतलं. धंद्याच्या हिशेबानं शेवट चांगला झाला. तरी अमुक गेम अमुक कन्सोलवरच येणार, अशी घोषणा झाली की मला हे प्रकरण आठवतं. अशा ‘एक्सक्लुझिव्ह’ करारांविषयी आज जे वाद होतात, त्यातले बहुतेक मुद्दे इथे एका जागी सापडतात.

पार्श्वभूमी

ही कंपनी म्हणजे ओसाकाची कॅपकॉम. रेसिडेंट ईव्हल ही भयपट गेमांची मालिका तिचं खणखणीत नाणं होती. १९९६ चा पहिला भाग सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर सुमारे २७.५ लाख प्रती खपला, १९९८ चा दुसरा सुमारे ४९.६ लाख, १९९९ चा तिसरा सुमारे ३५ लाख. हे कॅपकॉमचेच आकडे. दुसरा भाग पुढे निन्टेन्डो ६४ वरही गेला. दोन सीडींचा तो गेम ६४ एमबीच्या एका कार्ट्रिजमध्ये कोंबून बसवला होता आणि ती करामत आजही थक्क करते. पण मालिकेचं घर म्हणजे प्लेस्टेशन, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. खेळणारे तिथेच होते.

त्यामुळे सप्टेंबर २००१ मध्ये, निन्टेन्डोचा गेमक्यूब जपानच्या दुकानांत यायच्या तोंडावर, मालिकेचे कर्तेधर्ते शिंजी मिकामी यांनी जे जाहीर केलं त्यानं सगळे चकित झाले. मालिकेचे पुढचे मुख्य भाग गेमक्यूबवरच येतील, असं त्यांनी सांगितलं. प्लेस्टेशन २ तेव्हा दीड वर्षाचा होता आणि जोरात खपत होता.

निर्णयामागे तांत्रिक कारण होतं आणि ते खरं होतं. प्लेस्टेशन २ वर काम करणं जड जातं, ही तक्रार त्या काळात अनेक डेव्हलपर करत. मुख्य प्रोसेसरच्या जोडीला दोन वेगळी व्हेक्टर युनिट (आकडेमोडीसाठीचे जोड-प्रोसेसर), ग्राफिक्स चिपला अवघी ४ एमबी मेमरी. त्या यंत्राकडून चांगलं काम काढून घ्यायचं तर त्याच्या कलानं वागावं लागे. गेमक्यूबची रचना सुटसुटीत होती. प्रकाश, सावल्या, पोत यांत तो सरस होता. उणीव होती ती डिस्कची: छोट्या आकाराची, सुमारे दीड जीबीची. प्लेस्टेशन २ च्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावत.

सुरुवात ठीक झाली. २००२ मध्ये पहिल्या भागाची नव्यानं बांधलेली आवृत्ती आली आणि त्याच वर्षी ‘झिरो’ हा भागही. दोन्ही देखण्या. खप मात्र अनुक्रमे सुमारे १३.५ लाख आणि १२.५ लाख. दुसऱ्या भागाच्या ४९.६ लाखांशेजारी हे आकडे ठेवले की पुढचं प्रकरण कुठे जाणार याची चाहूल लागते.

शब्द कसा मोठा होत गेला

नोव्हेंबर २००२ मध्ये कॅपकॉमनं गेमक्यूबसाठी पाच गेम एकदम जाहीर केले: पी.एन.०३, व्ह्यूटिफुल जो, डेड फिनिक्स, किलर७ आणि रेसिडेंट ईव्हल ४. चाहत्यांनी त्यांना ‘कॅपकॉम फाइव्ह’ असं नाव दिलं. पाचही गेम फक्त गेमक्यूबवर, असंच सर्वांनी ऐकलं आणि छापलं.

दोन महिन्यांत, जानेवारी २००३ मध्ये, कंपनीनं खुलासा केला. सांगण्यात गफलत झाली, एक्सक्लुझिव्ह आहे तो फक्त रेसिडेंट ईव्हल ४, बाकी चार नाहीत.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा क्षण हाच, आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. लोक ऑक्टोबर २००४ बद्दल, म्हणजे शब्द मागे घेतला त्याबद्दल, बोलतात. पण जानेवारी २००३ मध्ये कंपनी आपला शब्द तपासायला बसलीच होती. चार गेमांवरचं बंधन तिनं उघडपणे काढलं. पाचव्यावर मुदत घालायची तर ती वेळ होती. ‘आधी गेमक्यूबवर, वर्षभर तरी तिथेच’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. झालं उलट. चार गेम वगळल्यामुळे पाचव्याबद्दलचा शब्द अधिकच पक्का वाटू लागला. ‘तो तेवढा खरंच एक्सक्लुझिव्ह आहे’ असं कंपनीनं स्वतःच्या तोंडानं सांगितल्यासारखं झालं.

त्यात मिकामींच्या एका विधानाची भर पडली. हा गेम दुसऱ्या कन्सोलवर गेला तर आपण स्वतःचं शिर उडवून घेऊ, अशा अर्थाचं ते बोलले होते. बोलण्याच्या भरातलं हे वाक्य होतं, पण ते जगभर छापलं गेलं. कंपनीनं ते खोडलं नाही. एका माणसाची हमी अशी कंपनीची हमी होऊन बसली.

अडचण

अडचण गेमक्यूबच्या खपाची होती. अमेरिकेत १९९ डॉलरला आलेलं यंत्र सप्टेंबर २००३ पर्यंत ९९ डॉलरवर आणावं लागलं. साठा पडून होता म्हणून त्याच वर्षी निन्टेन्डोनं काही महिने उत्पादनही थांबवलं. आयडॉस आणि अक्लेम या प्रकाशकांनी गेमक्यूबकडे पाठ फिरवली. प्लेस्टेशन २ मात्र २००४ च्या सुरुवातीलाच ७ कोटींपुढे गेला होता. गेमक्यूबचा आयुष्यभराचा खप २ कोटी १७ लाखांच्या आसपास थांबला.

कॅपकॉमचीही स्थिती बरी नव्हती. मार्च २००३ ला संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीला मोठा तोटा झाला. कॅपकॉम फाइव्हमधला पी.एन.०३ आपटला, डेड फिनिक्स २००३ मध्येच रद्द झाला. व्ह्यूटिफुल जो समीक्षकांना आवडला आणि २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वरही आला. तिथे त्यात कॅपकॉमच्याच डेव्हिल मे क्राय या गेममधला नायक दांते खेळायला मिळत होता. दुसऱ्या कन्सोलवर गेम उशिरा आणायचा आणि उशिराची भरपाई म्हणून जास्तीचं काही द्यायचं, ही रीत इथे दिसली.

दरम्यान रेसिडेंट ईव्हल ४ चं काम लांबत होतं. पहिला आराखडा मालिकेपासून इतका दूर गेला की त्याचा वेगळाच गेम झाला. तोच २००१ चा डेव्हिल मे क्राय. त्यानंतर धुक्यानं भरलेल्या किल्ल्याची आवृत्ती आली, मग हातात लोखंडी हुक घेतलेल्या माणसाची. दोन्ही बाजूला पडल्या. अखेर मिकामींनी दिग्दर्शन स्वतःकडे घेतलं आणि कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला. आज नायक पाठीमागून दिसत राहतो असे (थर्ड-पर्सन) बंदूकबाजीचे गेम ज्या कॅमेऱ्यातून दिसतात, त्याची ठेवण इथून आली. एवढी वर्षं आणि एवढी माणसं खर्ची पडलेला गेम सर्वात लहान बाजारात सोडायचा का, असा प्रश्न २००४ मध्ये कंपनीपुढे होता.

समोरचे पर्याय

शब्द पाळायचा, हा पहिला पर्याय. गेमक्यूबवर गेम आणायचा, तिथेच ठेवायचा आणि पैसा पुढच्या भागात वसूल करायचा. यात विश्वास टिकला असता. पण गेमक्यूबवरच्या आधीच्या दोन भागांचे आकडे समोर होते आणि १५ लाखांच्या आसपासच्या खपात इतक्या लांबलेल्या कामाचं गणित बसणं कठीण होतं.

दुसरा पर्याय, गप्प राहायचं. गेमक्यूबची आवृत्ती जानेवारी २००५ मध्ये येऊ द्यायची, पहिल्या काही महिन्यांचा खप पदरात पाडायचा आणि मग प्लेस्टेशन २ ची घोषणा करायची. विक्रीच्या दृष्टीनं हा सर्वात सोयीचा होता आणि ग्राहकाच्या दृष्टीनं सर्वात वाईट.

तिसरा, आधीच सांगायचं. यात गेमक्यूबचा खप घटण्याचा धोका होता. ज्यांच्याकडे दोन्ही यंत्रं आहेत ते थांबतील, नवा गेमक्यूब घ्यायच्या विचारातले बेत बदलतील, आणि निन्टेन्डोही दुखावेल.

दोन्ही आवृत्त्या एकाच दिवशी आणणं हा चौथा. कागदावर तो आकर्षक दिसतो, पण तेव्हा शक्यच नव्हता. गेम पूर्णपणे गेमक्यूबच्या हार्डवेअरवर बांधलेला होता. तो प्लेस्टेशन २ वर बसवायचा म्हणजे महिन्यांचं काम.

काय केलं

कॅपकॉमनं तिसरा पर्याय घेतला. ऑक्टोबर २००४ संपता संपता जाहीर झालं की रेसिडेंट ईव्हल ४ प्लेस्टेशन २ वरही येईल. गेमक्यूबवर तो अमेरिकेत ११ जानेवारी २००५ रोजी आला आणि प्लेस्टेशन २ वर त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला.

या घोषणेवर तेव्हा फार राग निघाला आणि तो समजण्यासारखा आहे. ज्यांनी या एका गेमच्या भरवशावर गेमक्यूब घेतला होता, त्यांच्या हाती काही राहिलं नाही. तरी उरलेल्या पर्यायांमध्ये हाच सर्वात सचोटीचा होता, असं मला ठामपणे वाटतं. जानेवारीत पैसे मोजणाऱ्या प्रत्येकाला दुसरी आवृत्ती येतेय हे ठाऊक होतं. अन्याय झाला तो २००२ ते २००४ या काळात यंत्र घेतलेल्यांवर, आणि त्याचं मूळ आधीच्या शब्दात होतं.

पोर्टचं, म्हणजे गेम दुसऱ्या यंत्रावर बसवायचं, काम कसं झालं हे जवळून पाहण्यासारखं आहे. गेमक्यूबवर कथेचे प्रसंग, म्हणजे कटसीन, खेळाच्याच इंजिनमधून त्या क्षणी चालत. खेळाडूनं नायक लिऑनला दुसरा पोशाख चढवला असेल, तर कटसीनमध्येही तो त्याच पोशाखात दिसे. प्लेस्टेशन २ ला हे पेलणारं नव्हतं. म्हणून ते प्रसंग आधीच चित्रित करून व्हिडिओ म्हणून डीव्हीडीवर ठेवले. परिणाम असा, की तुम्ही लिऑनला काहीही घाला, कटसीन सुरू झाला की तो ठरलेल्याच कपड्यांत उभा. जंगलातली झाडी विरळ झाली, प्रकाशाचे काही बारकावे गेले. बदल्यात डीव्हीडीवर जागा मुबलक होती. गेमक्यूबचा गेम दोन डिस्कवर होता आणि मध्येच डिस्क बदलावी लागे. इथे सगळं एकावर मावलं.

जास्तीचंही दिलं. एडा वाँग या गेममधल्या पात्राच्या बाजूनं कथा सांगणारी ‘सेपरेट वेज’ ही मोठी मोहीम प्लेस्टेशन २ साठी नव्यानं बनवली. दहा महिने थांबलेल्या ग्राहकाला काहीतरी द्यायला हवं, हा विचार चुकीचा नाही. पण जानेवारीत पूर्ण किंमत देऊन, शब्दावर विसंबून घेणाऱ्याला ती मोहीम त्याच्या यंत्रावर कधीच मिळाली नाही. चित्र चांगलं कुणाकडे आणि कथा पुरी कुणाकडे, अशी विभागणी झाली. माझ्या लेखी ही या प्रकरणातली सर्वात खटकणारी गोष्ट आहे, घोषणेपेक्षाही जास्त.

परिणाम

कॅपकॉमच्या नोंदींप्रमाणे गेमक्यूबची आवृत्ती सुमारे १६ लाख खपली, प्लेस्टेशन २ ची सुमारे २३ लाख. वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून अनेक ठिकाणी त्याचं नाव लागलं. आधी सांगितल्यानं गेमक्यूबवरची विक्री मरेल ही भीती खरी ठरली नाही. त्या यंत्रावरच्या आधीच्या दोन्ही भागांपेक्षा हा जास्त खपला.

२००७ मध्ये गेम निन्टेन्डोच्याच वी या नव्या यंत्रावर आला, गेमक्यूबचं चित्र आणि प्लेस्टेशन २ ची जास्तीची मोहीम एकत्र घेऊन. तोही २० लाखांच्या घरात गेला. गेमक्यूबच्या काळात ‘निन्टेन्डोच्या ग्राहकाला असले भयपट गेम नकोच असतात’ असं सर्रास बोललं जाई. वीच्या खपानं ते खोटं ठरवलं. ग्राहकाची आवड तीच होती, गेमक्यूब घेतलेली घरं कमी होती. कन्सोल निवडताना ‘इथला प्रेक्षक कसा’ आणि ‘इथला प्रेक्षक किती’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात आणि कॅपकॉमच्या बाबतीत खरा प्रश्न दुसरा होता.

त्याच वर्षीच्या पीसी आवृत्तीचं मात्र वाईट झालं. ती प्लेस्टेशन २ च्या आवृत्तीवरून काढली होती, त्यामुळे आधीच चित्रित केलेले ते कटसीन तसेच पीसीच्या पडद्यावर आले. माउसनं नेम धरायची सोयही नव्हती. आपल्याकडे गेमक्यूब फारसा कुणी पाहिलाच नाही. पुण्या-मुंबईत ज्यांनी हा गेम खेळला, त्यांनी बहुतेक तो प्लेस्टेशन २ वर नाहीतर पीसीवरच. म्हणजे ज्या यंत्रासाठी गेम घडवला, त्यावर तो कसा दिसत होता हे आपल्यातल्या अनेकांना कितीतरी उशिरा कळलं.

२००९ मध्ये पाचवा भाग प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर एकाच वेळी आला. मालिकेचा मुख्य भाग एकाच यंत्राला बांधून ठेवायचं धोरण तिथे संपलं.

वेगळं काय करता आलं असतं

एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. एकाच यंत्रासाठी काम केल्याचा या गेमला फायदा झाला. सुरुवातीपासून दोन यंत्रांवर एकदम बांधायचं ठरलं असतं, तर प्लेस्टेशन २ च्या मर्यादेत बसेल तेवढंच गाव, तेवढंच रान, तेवढाच काळोख उभा राहिला असता. आधी एका यंत्रावर मनासारखं करायचं आणि मग दुसऱ्यावर बसवायचं, या क्रमानं मूळ गेम वाचला. म्हणून एक्सक्लुझिव्ह असण्यालाच दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. या फायद्यासाठी ‘कायमचं’ असण्याची गरज नव्हती, वर्षभराचं बंधन पुरलं असतं.

दुसरा मुद्दा, हमी कुणी द्यायची. मिकामी मोठे निर्माते, पण कोणत्या यंत्रावर किती वर्षं राहायचं हे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत एका विभागाचा प्रमुख ठरवू शकत नाही. खप कोसळला की तो निर्णय वर जातो. निर्मात्यानं आपल्या आवडीचं यंत्र सांगावं, का आवडतं तेही सांगावं. ‘दुसरीकडे येणार नाही’ हे वाक्य मात्र कंपनीनं, मुदतीसकट, लेखी द्यायला हवं.

एक्सक्लुझिव्ह टिकतं कधी, याचं उत्तर पुढच्या एका उदाहरणात मिळतं. व्ह्यूटिफुल जोचे दिग्दर्शक हिदेकी कामिया आणि कॅपकॉममधले काही सहकारी पुढे प्लॅटिनमगेम्समध्ये गेले. त्यांच्या बायोनेटाचा पहिला भाग प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर होता, पण दुसरा २०१४ मध्ये फक्त निन्टेन्डोच्या वी यूवर आला. चाहते तेव्हाही चिडले. पण त्या गेमसाठी पैसा निन्टेन्डोनं घातला होता, आणि तो पैसा नसता तर गेम झालाच नसता, हे उत्तर निर्मात्यांकडे होतं. त्यापुढे वाद फार काळ टिकला नाही, आणि तो गेम आजही निन्टेन्डोच्या यंत्रांबाहेर गेलेला नाही.

कॅपकॉमनं स्वतःही पुढे हाच खेळ वेगळ्या रीतीनं खेळून दाखवला. मॉन्स्टर हंटर राइझ मार्च २०२१ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, निर्मात्यांनी सांगून टाकलं होतं की पीसीची आवृत्ती २०२२ च्या सुरुवातीला येईल. २००४ सारखीच स्थिती: निन्टेन्डोच्या यंत्रावर गेम यायच्या आधीच दुसऱ्या यंत्राची घोषणा. गदारोळ झाला नाही, कारण मोडायला शब्दच दिलेला नव्हता. ज्याला थांबायचं तो थांबला आणि ज्याला लगेच खेळायचं होतं त्यानं स्विचवर घेतला. पहिल्या तीन दिवसांत ४० लाख प्रती बाजारात गेल्या. पीसीवर गेम जानेवारी २०२२ मध्ये, सांगितलेल्या वेळी आला, आणि प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर जानेवारी २०२३ मध्ये.